पैल्या लंबरची कात्री

१७ नोव्हेंबर १९५८, सोमवार

ही वही मी भाषाशास्त्राच्या टिपणांसाठी आणली होती. तिचे पहिले पान एका कबुलीसाठी खर्ची पडत आहे. मला गोपिका ढोबळे हिचा मत्सर वाटतो. हे वाक्य मी मनात तीनदा रचून पाहिले. पहिल्या वेळी त्यात 'थोडासा' असा शब्द होता. तिसऱ्या वेळी तो राहिला नाही.

आज प्राध्यापक टेंभेकर सरांनी एम.ए.च्या आम्हा अकरा विद्यार्थ्यांना एक काम सांगितले. नागपूर आणि भोवतालच्या लोकांच्या तोंडचे शब्द व वाक्प्रचार गोळा करायचे आणि नियोजित बोली-कोशासाठी प्रत्येकाचे एक कार्ड करायचे. कार्डावर चार रकाने असतील: बोल, अर्थ, वापर, उगम. जानेवारीत समिती सर्वांची कार्डे पाहील आणि एकाची संशोधन सहायक म्हणून दोन वर्षांसाठी नेमणूक करील.

ती नेमणूक मला मिळाली पाहिजे. प्राथमिक शाळेपासून माझा पहिला क्रमांक कधी चुकला नाही, पण एप्रिलनंतर परीक्षाच उरणार नाहीत. बाबांनी भंडाऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला आहे. शाळा चांगली आहे असे म्हणतात. तिथे दोन कपाटे पुस्तके आहेत, असेही म्हणतात. दोन कपाटे मी एका उन्हाळ्यात संपवीन. पुढे काय करावे?

सर बोलत असताना गोपिका शेवटच्या बाकावरून उठली. ती पारशिवनीची, शेतकऱ्याच्या घरची, बी.ए.ला तिसऱ्या वर्गात आलेली. तिने विचारले, "सर, शिव्या चालतीन काय?"

वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, उगमासकट आणल्यास अवश्य चालतील. या महाविद्यालयात मी सहा वर्षे काढली. सरांना मी एकदाही हसवलेले नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मी चाळीस कार्डे दिली, गोपिकेने नऊ.

'बैताड' म्हणजे वेडसर, या शब्दाचे नाते मी वेताळाशी जोडून दाखवले होते, आणि 'पोट्टी' म्हणजे मुलगी, या शब्दासाठी संस्कृतातील 'पोत' म्हणजे पिल्लू इथपर्यंत मागे गेले होते. दोन्ही ठिकाणी प्रश्नचिन्ह घातले, कारण अनुमानाला प्रमाण म्हणू नये. सरांनी कार्डे चाळली. व्युत्पत्ती उत्तम आहेत, म्हणाले, मग त्यांनी विचारले, "पण उत्तरा, हे म्हणतं कोण? कोणाला म्हणतं? कोणत्या वेळी?"

हे शब्द मी लहानपणापासून रोज ऐकते, परंतु ऐकण्याच्या वेळी माझे लक्ष ते आपल्या तोंडी येऊ नयेत याकडे असते.

गोपिकेचे एक कार्ड सरांनी दोनदा वाचायला लावले. 'वखरामागचा बगळा'. वावरात वखर चालला की उकरलेल्या मातीतले किडे टिपायला बगळे मागे मागे येतात. दुसऱ्याच्या कष्टावर आयते पोट भरणाऱ्याला तिच्या गावात असे म्हणतात. तिचा मामा हे आपल्या व्याह्याला उद्देशून म्हणतो, तेही तिने 'वापर' या रकान्यात लिहिले होते. वाचताना तिने माझ्याकडे पाहिले नाही, तरी मला उगीचच वाटले की ती चाळीस कार्डांकडे पाहत आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

आज जे टाळत होते ते घडले. गोपिका आमच्या घरी आली.

आमचे घर तांडापेठेत आहे. पुढच्या खोलीत माग आहे. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणतात, आई सुताच्या कांड्या भरते आणि सांधणी करते. महाविद्यालयात कोणी विचारल्यास वडील कापडाच्या व्यवसायात आहेत, असे मी सांगते. ते असत्य नाही.

मी दिलेला शब्दकोश परत करण्याचे निमित्त करून ती पत्ता शोधत आली. दारातच थबकली आणि म्हणाली, "अवं, तुह्या घरी माग हाय, अन् तू सांगितलं नाही काहून?" मी काही बोलण्याआधी ती चपला काढून आत गेली आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसली.

आई त्या वेळी सांधणी करत होती. एक ताणा, म्हणजे मागावरच्या उभ्या तारा, विणून संपला की कापड फणीच्या पुढच्या बाजूने कापून घेतात. जुन्या ताण्याची शेपटे, म्हणजे उरलेली टोके, फणीच्या फटींत ओवलेली तशीच ठेवतात. नव्या ताण्याची एकेक तार त्या जुन्या शेपटाला जोडून, बोटांना राख लावून पीळ देतात. गाठ मारायची नसते, कारण गाठ फणीतून जात नाही. आई ही माहिती गोपिकेला सांगत होती. त्याच खोलीच्या कोपऱ्यात बसून मी बारा वर्षे अभ्यास केला आणि मला हे आज कळले.

त्यात माझा दोष नाही. मी मागाला हात लावत नाही, कारण आईनेच मला तसे सांगितले. मी अकरा वर्षांची असताना शिष्यवृत्तीच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिली आले. निकाल घेऊन धावत घरी आले तर घरात कोणी नव्हते आणि मागावर लुगडे विणून पूर्ण झालेले होते. आनंदाच्या भरात आईला मदत करावी म्हणून मी कात्री घेतली, मागच्या बाजूने तारा कापल्या, लुगडे ओढून काढले आणि त्याची सुबक घडी घालून ठेवली. आई आली, तिने माग पाहिला, मग माझ्या हातातला निकालाचा कागद पाहिला. तिला वाचता येत नाही. ती मागापाशी जाऊन बसली. नंतर म्हणाली, "तू वाच. मागापाशी नको येऊ." माझ्या बुद्धीची जागा कोठे आहे हे तिने त्या दिवशी ओळखले, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्यानंतर चार दिवस ती सकाळपासून अंधार पडेपर्यंत मागाशी वाकून काही तरी काम करत होती आणि मी दारात बसून धडे म्हणत होते. माझ्या बालपणातली ती सर्वांत सुखाची आठवण आहे.

आज आई गोपिकेशी दीड तास बोलली. तिच्याजवळ इतके शब्द आहेत हे मला ठाऊक नव्हते.

७ डिसेंबर, रविवार

गोपिका पुन्हा आली. आईने तिच्यासाठी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली. एरवी, माझ्यासाठी, सांबारवडी फक्त सणाला होते.

मी ग्रंथालयातून परतले तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच आईचे हसणे ऐकू आले. शेजारची भागीरथा काकूही येऊन बसली होती आणि तिघी हसत होत्या. मी उंबऱ्यात पाऊल टाकले आणि तिघी थांबल्या. काकूने पदराने डोळे पुसले. गोपिकेने पेन्सिल खाली ठेवली. आई म्हणाली, "हात-पाय धुऊन घे. तुला वाढते."

आई माझ्याशी 'तुला' म्हणते. इतरांशी 'तुले'. शाळेत असताना मी तिचे 'मले-तुले' नेमाने दुरुस्त करत असे आणि तिने ते मनावर घेतले. आता ती माझ्याशी जपून, निवडून, ओल्या फरशीवर पाऊल टाकावे तसे बोलते. साहजिकच कमी बोलते. मी हा माझ्या शिकवण्याचा गुण समजत होते. आज प्रथमच मला असे वाटले की ते दुसरे बोलणे, ज्यात ती हसते, मला मिळाले असते तर बरे झाले असते. ते गोपिकेला फुकट मिळते. तिला सांबारवडीही मिळते.

त्या हसत होत्या ते नक्कीच माझ्याविषयी. गोपिकेने माझी महाविद्यालयातली काही तरी फजिती सांगितली असणार.

१५ डिसेंबर, सोमवार

माझे अक्षर चांगले म्हणून सर्वांची कार्डे स्वच्छ नकलून काढण्याचे काम सरांनी मला दिले आहे. म्हणजे गोपिकेची कार्डे आता माझ्या हातात आहेत. ती एकोणसाठ झाली आहेत; त्यांतली तेवीस माझ्या आईकडून मिळालेली. कार्डाच्या तळाशी, 'सांगणार' या ओळीवर तेवीस वेळा 'प्रयागबाई शालिकराम पौनीकर, तांडापेठ' असे मला लिहावे लागले. माझ्या स्वतःच्या एकाही कार्डावर आईचे नाव नाही.

त्या तेवीसांत एक कार्ड असे आहे:

बोल: पैल्या लंबरची कात्री.
अर्थ: हुशार माणसाने भले करायला जाऊन केलेले नुकसान. हे रागाने म्हणत नाहीत.
वापर: कोष्ट्यांच्या घरोघरी. सून नवी साडी गरम पाण्यात धुते आणि रंग जातो, तेव्हा सासू हसून म्हणते.
उगम:

उगमाचा रकाना कोरा आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिले आहे: 'माहीत आहे. सध्या लिहीत नाही.'

हा वाक्प्रचार मी कधी ऐकलेला नाही. माझ्याच गल्लीतला म्हणे! नकलताना मी 'पैल्या लंबरची' दुरुस्त करून 'पहिल्या नंबरची' केले. 'हे रागाने म्हणत नाहीत' हे वाक्य अर्थाच्या रकान्यात अप्रस्तुत वाटले, म्हणून गाळले.

१६ डिसेंबर, मंगळवार

मी तिला सरळ विचारले. ज्यांनी सांगितले त्यांची परवानगी मिळेपर्यंत लिहिणार नाही, असे ती म्हणाली. मी म्हणाले, सांगणारी माझी आई आहे, तेव्हा परवानगी मी देते. त्यावर तिने माझ्याकडे इतक्या मऊपणे पाहिले की मला संताप आला. म्हणाली, "तूच विचार ना वं तुह्या मायले. मी कायले मधात येऊ?"

हा डाव मला समजतो. समितीसमोर ऐन वेळी पत्ता उघडा करायचा आहे तिला. आणि मी माझ्याच आईकडे माझ्याच प्रतिस्पर्ध्याच्या कार्डाचा उगम मागायला जावे? नाही. उगम ग्रंथातून शोधता येतो.

२ जानेवारी १९५९, शुक्रवार

सापडला.

ग्रंथालयाच्या माळ्यावर लोखंडी सामान विकणाऱ्या एका जुन्या पेढीची मूल्यपत्रिका मिळाली. कात्र्यांची प्रतवारी तीत क्रमांकांनी दिली आहे. पहिला क्रमांक म्हणजे सर्वांत धारदार पोलाद. त्यावरून माझे अनुमान असे: विलायती कात्री विणकरांच्या वस्तीत आली, तिची धार देशी कात्रीपेक्षा तीव्र असल्याने अननुभवी हातांकडून कापड नासले, आणि 'उत्तम साधनाने घडलेला अपाय' या अर्थी वाक्प्रचार रूढ झाला. दोन पाने टिपण लिहिले. त्यात एकही फट नाही. प्रश्नचिन्ह घालावे असे क्षणभर वाटले, घातले नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गोपिका सकाळी आठलाच हजर. आईने पहिला तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. मी न्हाणीघरात होते. मला दुसरा मिळाला. तिळगुळाच्या क्रमांकावरून मनास लावून घेणारी मुलगी एम.ए. होण्यास पात्र आहे काय, असा प्रश्न मी स्वतःस विचारला. तरीही मी तो खाल्ला नाही. वहीत घालून ठेवला आहे; पानाला डाग पडला.

२० जानेवारी, मंगळवार

माझी नेमणूक झाली.

समितीत सरांखेरीज दोन बाहेरचे प्राध्यापक होते. मी कात्रीचे टिपण वाचले. वाचून झाल्यावर बाहेरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. एकाने म्हटले, बोलीच्या अभ्यासाला अशी शिस्त हवी. सरांनी गोपिकेला विचारले, "मूळ कार्ड तुमचं आहे. तुम्हाला उगम माहीत असल्याचं तुम्ही मागे नोंदवलं होतं. तो हाच?"

हाच तो क्षण, असे वाटले.

गोपिका उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या बोटांकडे. म्हणाली, "उत्तराचं आहे तसं राहू द्या, सर." आणि बसली.

तिच्याजवळ काहीच नव्हते, एवढाच याचा अर्थ. तरी जिंकल्याचा जो आनंद व्हायला हवा तो अर्ध्या वाटेवर अडकून बसला आहे.

२१ जानेवारी, बुधवार

काल घरी सांगितले. बाबांनी माग थांबवला आणि खड्ड्यातून वर आले. कामाच्या मध्येच ते असे उठत नाहीत. आईने विचारले, कशावरून निवडले? मी म्हणाले, एका वाक्प्रचाराचा उगम शोधला म्हणून. 'पहिल्या नंबरची कात्री'.

आईच्या हातातली कांडी थांबली. बाबांना खोकला आला आणि ते पाणी प्यायला आत गेले. आईने विचारले की उगम काय निघाला. मी मूल्यपत्रिका, विलायती पोलाद, सर्व काही सोप्या शब्दांत समजावून दिले. ती शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारले, "गोपिका काही नाही बोलली?"

नाही, मी म्हणाले.

"चांगली पोट्टी हाय," आई म्हणाली, आणि लगेच, "आहे. चांगली मुलगी आहे."

माझ्या यशाच्या दिवशी तिने प्रशंसा केली ती गोपिकेची.

८ फेब्रुवारी, रविवार

आजचे सर्व क्रमाने लिहिते.

सहायक म्हणून माझे पहिले काम पडताळणीचे. प्रत्येक बोलाला नागपूरबाहेरच्या विणकर वस्तीतून दोन साक्षी हव्यात, असा सरांचा नियम आहे. भागीरथा काकूचे माहेर उमरेडचे, म्हणून तिला घेऊन छोट्या रुळांच्या आगगाडीने गेले. गाडीत मी तिला बोलांची यादी वाचून दाखवली. कात्रीपाशी आल्यावर ती खिडकीबाहेर पाहू लागली आणि म्हणाली, ते राहू दे, बाकीचे विचारू. मी म्हणाले, मुख्य काम तेच आहे.

उमरेडला आम्ही गोदूबाईंकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, दृष्टी मंद, पण बोटे अजून कांड्या भरतात. काकूने माझी ओळख 'कॉलेजातली बाई' अशी करून दिली, कोणाची कोण ते सांगितले नाही. मी यादी वाचत गेले, त्या सांगत गेल्या. मग मी विचारले, 'पहिल्या नंबरची कात्री' असे इकडे म्हणतात का?

त्या हसल्या. तोंडात चार दात असतील. "म्हनतेत ना. पन तुमी उलटं म्हनून राहिल्या. लंबर म्हना."

आणि त्यांनी सांगितले. काकू मध्येच म्हणाली, गोदूमावशी, गाडीची वेळ झाली. त्यांनी हाताने तिला गप्प केले. नागपुरात एका कोष्ट्याची पोट्टी होती. शाळेत तिचा पैला लंबर आला. घरी आली, तर मागावर लुगडं तयार. मायले मदत करावी म्हणून तिने घेतली कात्री आणि फणीच्या मागून साऱ्या तारा कापल्या. लुगडं ओढलं तशी सारी शेपटं निसटली आणि फणी रिकामी. अडीच हजार तारा! सांधायला मागे काही उरलेच नाही. तिची माय चार दिवस एकेक तार फणीतून ओवत बसली. पोट्टी दारात बसून धडे म्हणत होती.

मी लिहिणे थांबवले होते. त्यांना दिसले नाही.

"तिची माय इथं आली होती लग्नात," गोदूबाई म्हणाल्या. "तिनंच सांगितलं, हसू हसू. सारा मांडव हसला. म्या इचारलं, अवं, दोन रपाटे काहून नाही दिले? तर म्हने, फणीतल्या तारा मी भरून घेतल्या, मावशी. तिचं वाचनं तुटलं तर ते मले सांधता येत नाही."

मग त्या कांडीकडे वळल्या. म्हणाल्या, तवापासून आमच्याइकडे म्हनतेत. आपल्या माणसालेच म्हनतेत. परक्याले नाही म्हनत.

परतीच्या गाडीत, कुही स्टेशन मागे गेल्यावर, मी काकूला विचारले, गल्लीत सर्वांना ठाऊक आहे? ती म्हणाली, सर्वांना. "तुह्यासमोर कोनी म्हनायचं नाही, अशी तुह्या मायनं साऱ्यांले ताकीद देल्ली होती. पोट्टी मनाले लावून घेते म्हने."

एक वाक्प्रचार बारा वर्षांत तांडापेठेहून उमरेडला पोहोचला. मागापासून त्याच खोलीच्या कोपऱ्यापर्यंत मात्र तो आला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

रात्री झोप लागली नाही, परंतु त्याचे वर्णन करणार नाही. सकाळी नवे कार्ड केले.

बोल: पैल्या लंबरची कात्री.
अर्थ: हुशार माणसाने भले करायला जाऊन केलेले नुकसान. हे रागाने म्हणत नाहीत. आपल्याच माणसाला म्हणतात.
वापर: नागपूर, उमरेड, विणकरांची घरे.
उगम: १९४७च्या सुमारास तांडापेठेतील उत्तरा शालिकराम पौनीकर हिने विणून झालेले लुगडे फणीच्या मागून कापले, त्यावरून. विलायती कात्रीचा संबंध नाही.
सांगणार: गोदूबाई, उमरेड. प्रथम नोंद: गोपिका ढोबळे.

सरांनी ते वाचले, चष्मा काढला, पुन्हा वाचले. मला वाटले होते ते हसतील. हसले नाहीत. म्हणाले की निवड त्याच टिपणावर झाली असल्याने समितीला कळवावे लागेल, आणि निर्णय काय होईल ते सांगता येत नाही. हे कार्ड मी फाडून टाकले असते तर कोणालाही कळले नसते, हेही त्यांनी शांतपणे सांगितले. मी म्हणाले, गोपिकेला कळले असते.

नंतर जिन्यात गोपिका भेटली. तिने ऐन वेळी मला वाचवले, ते का, असे मी विचारले. ती म्हणाली, आईने तिला हे सांगितले ते कार्डासाठी नव्हे, गप्पांच्या भरात; सांगून झाल्यावर आईच घाबरली आणि म्हणाली, हे लिहू नको, वाचेल ती. गोपिका पुढे म्हणाली, "तुही माय पूर्ण वेळ तुह्याच गोष्टी सांगते. मले कंटाळा येते कधी कधी. मी शब्द इचारते, तर ती उत्तरा सांगते."

मी तिचे आभार मानले. नीट मानता आले नाहीत. आणि ज्या गोष्टी आई तिला सांगते त्यांतली एकही मी ऐकलेली नाही, या विचाराने तिथेच, आभार मानता मानता, मला पुन्हा तिचा मत्सर वाटला. पहिल्यापेक्षा अधिक.

२३ फेब्रुवारी, सोमवार

निर्णय आला. नेमणूक गोपिकेला. मी केलेली दुरुस्ती समितीने 'प्रामाणिक' अशी नोंदवली आहे आणि कोशाच्या प्रस्तावनेत माझे नाव घालण्याचे सुचवले आहे. भंडाऱ्याच्या शाळेला बाबांनी होकार कळवला. जूनपासून.

गोपिकेने वर्गातून बाहेर येताना माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

१ मार्च, रविवार

उन्हाळ्याची चाहूल. दुपारी गल्ली ओस होती. बाबा सूत आणायला इतवारीत गेले होते. मागावरचा ताणा काल संपला. आज सांधणी होती. आई नवा ताणा लावून एकटीच बसली होती.

मी पुस्तक मिटले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिने अंग चोरून मला जागा दिली आणि म्हणाली, "तुला काही हवं आहे का?"

मी म्हणाले, उमरेडला जाऊन आले तेव्हा गोदूबाईंनी सर्व सांगितले. गेले तीन आठवडे हे वाक्य मी तयार ठेवले होते. उच्चारायला धीर झाला नव्हता. आई तारांकडे पाहत राहिली. तिचे कान तांबडे झाले. मी पकडली जावी, तशी ती पकडली गेली होती.

मी म्हणाले, मला शिकव.

तिने राखेची वाटी माझ्याकडे सरकवली. जुने शेपूट डाव्या हाताच्या चिमटीत, नवी तार उजव्या. राख लावायची, पिळायचे, मागे मुडपायचे. तिच्या बोटांत हे एका श्वासात होते. माझी पहिली तार सुटली, दुसरीही. तिसरी टिकली असे वाटले, म्हणून मी ती उत्साहाने ओढून पाहिली. तिच्याबरोबर आईने सांधलेल्या शेजारच्या दोन तारा तुटून हातात आल्या.

मी हात मागे घेतला. आईने त्या दोन तारांकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिच्या खांद्यांना आधी हसू आले, तोंडाला नंतर.

"हळू वं," ती म्हणाली. "आली माही पैल्या लंबरची कात्री."

मी राखेत पुन्हा बोटे बुडवली. संध्याकाळपर्यंत माझ्या एकतीस तारा टिकल्या. त्या वेळात आईने मला अकरा गोष्टी सांगितल्या. एकही कार्डावर लिहिलेली नाही.